पीयूसीच्या नळीला न दिसणारा धूर

(नांदेड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता इथे बसलेल्या प्रत्येकाच्या पायाखालचा आहे. कुणी लेकराला लातूरच्या शिकवणीला सोडायला गेलेलं असतं, कुणी पेशंट घेऊन, कुणी वऱ्हाडात. या रस्त्यावर दहा-बारा वर्षांपूर्वी भाड्याच्या गाड्यांमध्ये एक नाव सारखं ऐकू यायचं, तवेरा. लांबलचक गाडी. माणसं दहा बसायची, लग्नसराईत पंधरा. आज मी डिझेल गाड्यांच्या फसवणुकीवर बोलणार आहे. हा विषय जर्मनीत किंवा अमेरिकेत सुरू होतो असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून मुद्दाम या रस्त्यावरून सुरुवात केली.

जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने भारतात विकलेल्या १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. २००५ पासून २०१३ पर्यंत तयार झालेल्या. कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं होतं की आमच्याच काही कर्मचाऱ्यांनी धुराच्या तपासणीत फेरफार केला. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांमध्ये कमी प्रदूषण करणारी निवडक इंजिनं बसवली जात होती. गाडीचं वजनही चुकीचं दाखवलं जात होतं, कारण वजनाच्या गटावर मर्यादा ठरते. सरकारने नेमलेल्या समितीने याला कंपनीची फसवणूक असं स्पष्ट म्हटलं. कंपनीने बऱ्याच जणांना काढून टाकलं, त्यात इंजिन विभागाचा जगभराचा प्रमुखही होता.

आता गाडीच्या मालकाच्या जागी उभे राहा. बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून त्याने गाडी घेतलेली. आरसी बुकावर पासिंग झालेलं, सरकारचा शिक्का बसलेला. आठ वर्षांनी त्याला कळतं की तपासणीला जी गाडी गेली होती ती त्याच्या गाडीसारखी नव्हतीच. त्याचा गुन्हा काय? आणि नुकसान कोण भरून देणार? पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ही कंपनी भारतातली विक्री थांबवून मोकळी झाली. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. विकायला काढल्या तर भाव पडलेला.

तवेराच्या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये कंपनीने असं सॉफ्टवेअर घातलं होतं की गाडी तपासणीच्या रोलरवर आहे की खऱ्या रस्त्यावर, हे तिला ओळखू यावं. कसं ओळखायचं? चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही. वेग ठरलेल्या क्रमाने वाढतो, कमी होतो. एवढ्यावरून कॉम्प्युटरला कळायचं, ही परीक्षा आहे. मग तो धूर कमी करणारी सगळी यंत्रणा चालू करायचा, आणि रस्त्यावर आल्यावर ढिली सोडायचा. विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं इंजिन शिकवलं, पण मापनाच्या तत्त्वाशीच इतका विश्वासघात झालेला मी वाचला नव्हता.

हे पकडलं कुणी, तेही सांगितलं पाहिजे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने. त्यात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे दोघे भारतीय होते. त्यांना फोक्सवॅगनला पकडायचं नव्हतं, अमेरिकेतल्या डिझेल गाड्या रस्त्यावर किती स्वच्छ चालतात एवढंच बघायचं होतं. त्यांनी मोजणीची यंत्रं गाडीच्या डिकीत ठेवली, वीज पुरवायला जनरेटर घेतला, आणि फोक्सवॅगनची पसाट गाडी लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत चालवली. नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या कितीतरी पट निघाली. जेट्टा गाडीत तर १५ ते ३५ पट. आधी त्यांना आपल्याच यंत्रांचा संशय आला. यंत्रं पुन्हा तपासली, आकडा तोच. शास्त्राचं काम असंच चालतं. आपल्या गावातल्या पोरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भारतात काय झालं? पुण्याच्या एआरएआयने, म्हणजे उद्योगाने आणि सरकारने मिळून १९६६ मध्ये उभ्या केलेल्या वाहन संशोधन संस्थेने, फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर मोजल्या. ठरलेल्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट ऑक्साइडं निघाली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने आपल्या तीन ब्रँडच्या मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. त्यात फोक्सवॅगनच्या १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५००. यातल्या पोलो, व्हेंटो चाकणच्या. स्कोडा, ऑडीचा कारखाना तर आपल्या मराठवाड्यातला, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातला. आपल्याच पोरांच्या हातांनी जोडलेल्या गाड्या. त्या पोरांना सॉफ्टवेअरच्या आत काय दडलंय हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. दोष त्यांच्या माथी मारू नका.

अमेरिकेतल्या मालकांना काय मिळालं बघा. २०१६ च्या तडजोडीत कंपनीने गाडी परत घ्यायची किंवा दुरुस्त करून द्यायची, आणि शिवाय बहुतेकांना ५,१०० ते १०,००० डॉलर रोख. जर्मनीत २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक गाडी परत करून पैसे मागू शकतो, वापराचे वजा करून. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये ९१ हजार मालकांसाठी १९ कोटी ३० लाख पौंडांवर तडजोड झाली. भारतातल्या मालकाला निरोप आला, गाडी घेऊन या, सॉफ्टवेअर बदलून देतो. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारतातला नियम मोडलेला नाही, ही दुरुस्ती आम्ही स्वेच्छेने करतोय. आणि मालकाच्या मनात एकच प्रश्न, सॉफ्टवेअर बदललं तर अॅव्हरेज कमी होईल का, पिकअप जाईल का?

राष्ट्रीय हरित लवादाकडे हे प्रकरण गेलं, एका शिक्षिकेने आणि इतरांनी नेलं. तज्ज्ञांच्या समितीने हिशेब मांडला की २०१६ या एका वर्षात या गाड्यांनी दिल्लीच्या हवेत सुमारे ४८.६८ टन नायट्रोजन ऑक्साइडं सोडली आणि त्यातून झालेल्या आरोग्यहानीची किंमत १७१ कोटी ३४ लाख रुपये होते. मार्च २०१९ मध्ये लवादाने ५०० कोटींचा दंड केला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. या हिशेबातल्या दोन गोष्टी मला टोचतात. एक म्हणजे तो हिशेब फक्त दिल्लीचा आहे. याच गाड्या नांदेडमध्येही फिरल्या, उदगीरमध्येही. दुसरी म्हणजे हा दंड मालकासाठी नव्हताच. तो पर्यावरणाच्या नावाने. ज्याने खिशातून पैसे मोजून गाडी घेतली, त्याचं नाव त्या हिशेबात कुठेच नाही.

आता आपल्या पीयूसीकडे येऊ, कारण मला आज खरं बोलायचंय ते यावर. डिझेल गाडीची पीयूसी कशी होते? मागच्या पाइपात नळी घालतात, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तीन-चारदा जोरात रेस करतात. यंत्र बघतं, धूर किती काळा आहे. म्हणजे त्यातून प्रकाश किती अडतो. बीएस चार, म्हणजे भारत स्टेज चार या प्रदूषण नियमाच्या गाडीला मर्यादा ५० एचएसयू (हे धुराच्या काळेपणाचं एकक), त्याआधीच्या बीएस तीन गाडीला ६५. झालं. नायट्रोजनची ऑक्साइडं या तपासणीत मोजलीच जात नाहीत. पाइपातून निघतानाच्या प्रमाणात ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या नळीलाही दिसत नाहीत. मात्र उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो, दम्याच्या माणसाची छाती भरून येते. फोक्सवॅगनने जे लपवलं, ते आपल्या पीयूसीने सात जन्मांत पकडलं नसतं.

तरीही दंड कुणाला? २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या सुधारणेनंतर पीयूसी नसेल तर १० हजार रुपयांपर्यंत. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला दहा हजार म्हणजे किती ट्रिपा, हे त्यालाच विचारा. माझी गाडी एकदा एका केंद्रावर नेली, तर तिथल्या माणसाने नळी पाइपाला लावलीसुद्धा नाही. नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद हातात दिला. मी म्हणालो, अहो, मोजा तरी. तो म्हणाला, सर, गाडी चांगली आहे तुमची. त्याच्यावर मी रागावलो नाही, पण दिवसभर मला चैन पडलं नाही.

एक गोष्ट आपल्याच विरुद्ध जाणारी आहे, पण सांगतो. डिझेल इंजिनमध्ये इजीआर नावाचा एक व्हॉल्व्ह असतो. जळालेला थोडा वायू तो पुन्हा इंजिनमध्ये सोडतो, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. पण या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते, पिकअप बसल्यासारखा वाटतो. मग आपण मेकॅनिककडे जातो. तो सांगतो, पत्र्याची पट्टी टाकून बंद करून देतो, गाडी पळेल. आपण हो म्हणतो. गाडी पळतेही. काळा धूर उलट कमी होतो, पीयूसीचं यंत्र खूश होतं. आणि न दिसणारा वायू वाढतो. जर्मनीतल्या इंजिनिअरांनी कॉम्प्युटरमध्ये जे केलं, ते आपण पत्र्याच्या तुकड्याने करतो. मेकॅनिकला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. काळेपणा तेवढा तपासून प्रदूषण तपासलं असं म्हणणाऱ्या व्यवस्थेने त्याला हे शिकवलंय.

मराठवाड्याची यातली जागा मला फार सलते. २०१० मध्ये बीएस चार नियम देशातल्या १३ शहरांत आले. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर. नांदेड, लातूर नाहीत. आपल्याला बीएस तीन. म्हणजे डिझेलमध्ये गंधक ५० ऐवजी ३५० पीपीएम, आणि मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमऐवजी ०.५०. देशभर बीएस चार आलं ते १ एप्रिल २०१७ ला. सात वर्षं सोलापूरच्या लेकराच्या छातीला एक नियम आणि शेजारच्या लातूरच्या लेकराच्या छातीला दुसरा. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची यादी आली, त्यात ज्यांची हवा ठरलेल्या पातळीत नाही अशा शहरांमध्ये लातूरचं नाव आहे. लातूरमध्ये मुख्य अडचण धुळीच्या कणांची, हे खरं. पण ज्या गावाला आधी सैल नियम दिला, त्याच गावाचं नाव नंतर नापासांच्या यादीत घातलं, हे मला विसरता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती. गाड्या परत बोलावल्याची बातमी त्याच काळातली. प्यायला पाणी नसताना डिझेलच्या धुराकडे कोण बघणार?

बदल झाले, तेही सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा. नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम. आणि एप्रिल २०२३ पासून नव्या गाडीला खऱ्या रस्त्यावर, डिकीत यंत्र ठेवून मोजणी द्यावी लागते. वेस्ट व्हर्जिनियाच्या पोरांनी जे केलं, ते आता आपल्या नियमात आहे. मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे नवं कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून लागू. पर्यावरणाला हानी करणारा दोष असेल तर सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि कंपनीला मालकाचे पैसे परत करणं, गाडी बदलून देणं किंवा दुरुस्त करून देणं भाग पडतं. मात्र ठरावीक संख्येने तक्रारी आल्या पाहिजेत आणि गाडी सात वर्षांच्या आतली पाहिजे. म्हणजे तक्रार नोंदवणारा मालक नसेल तर कलम नुसतं पुस्तकात राहतं. सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता. गाडी पुण्यात घेतली असली तरी नांदेडचा माणूस नांदेडच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

व्याख्यान संपल्यावर तुम्ही प्रश्न विचारालच, पण परवा लोह्याच्या एका मुलाने मला जे विचारलं ते इथेच सांगतो. तो एक जुनी डिझेल गाडी बघतोय, सेकंड हँड, वडापासाठी. म्हणाला, सर, घ्यावी का? मी त्याला म्हणालो, मालकाकडून सर्व्हिसची सगळी बिलं मागून घे. कंपनीने गाडी परत बोलावली होती का, आणि बोलावली असेल तर दुरुस्ती झाली का, हे चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार. बॉनेट उघडून इजीआरला पट्टी आहे का ते आपल्या मेकॅनिकला बघायला सांग, आणि असली तर काढून टाक, व्हॉल्व्ह साफ करून घे. तो म्हणाला, पट्टी काढली तर गाडी धूर जास्त टाकेल, पीयूसीत अडकेल. मी म्हणालो, अडकेल. मग इंजेक्टर तपास, फिल्टर बदल, आणि पुन्हा नळी लावायला सांग. आणि त्याने नुसता फोटो काढला, तर तिथेच थांब, नळी लावल्याशिवाय कागद घेऊ नकोस.