फवारणीनंतर फरशी कोण पुसते?

(प्रभादेवी येथे घरकामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)

१९८२च्या संपानंतर इथल्या गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. चाळीत आपण झुरळांची पावडर टाकायचो. टॉवरमध्ये पेस्ट कंट्रोलचा वर्षाचा करार असतो. हा धंदा वाढतो आहे तो अशा करारांवर.

फवारणीच्या दिवशी घरची माणसे मुलांना घेऊन बाहेर जातात. नंतर ओटा, फरशी पुसायला पहिली आत शिरते आपली बाई. डोळे चुरचुरतात, मळमळते. ती म्हणते, ऊन लागले असेल.

१९६८च्या कीटकनाशक कायद्याने असा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. १९७१च्या नियमांनी फवारणाऱ्या कामगाराला संरक्षक कपडे द्यावे लागतात. मागाहून पुसणारीचा विचार त्यात नाही.

२०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कुठे शेतातल्या विषाची चर्चा झाली. घरातली औषधे बहुधा त्याहून सौम्य असतात, हे खरे. पण आपण एका दिवसात चार-पाच घरे पुसतो.

म्हणून विचारायला शिकू या. औषध कोणते? कधी मारले? डब्यावरच्या चौकोनात रंग कोणता? लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. खिडक्या उघडून हवा खेळल्यावरच कामाला हात लावायचा. आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे सोसायटीकडून लिहून घेऊ या.