नापास होऊ शकणारी कला



'विज्ञान आणि मांडणशिल्प' या नावाखाली आपल्याकडे जे दिसतं, त्यातलं पुष्कळसं काम सजावटीचं असतं. अंधारी खोली, निळे दिवे, भिंतीवर फिरणारी आकाशगंगा. त्यातलं विज्ञान काढून घेतलं तरी कृतीचं काही अडत नाही.

तोमास सारासेनो याच्या कामात ते अडतं. 1973 साली अर्जेंटिनात तुकुमानला जन्मलेला, वास्तुकला शिकलेला हा कलावंत बर्लिनमध्ये राहतो आणि ढगांत शहरं वसवायची भाषा करतो. हे वेड त्याच्या आधीचं आहे. बकमिन्स्टर फुलरनं 1960च्या दशकातच मांडलं होतं, की गोल पुरेसा अवाढव्य असेल, तर आतली हवा जराशी ऊबदार झाली तरी तो वस्तीसकट तरंगेल. फुलरचा गोल कागदावरच राहिला.

सारासेनोनं निदान माणसांना वर चढवलं. 2012 साली मिलानच्या हँगरबिकोकामध्ये त्यानं उंचावर पारदर्शक पडदे ताणले आणि लोकांना त्यांवर सोडलं. माणूस टेकला की खळगा पडतो, जवळ आलेला दुसराही त्याच खळग्यात घरंगळतो. वस्तुमानानं अवकाश वाकतं हे आपण वर्गात ताणलेल्या रबरावर गोळा ठेवून दाखवतो. इथे गोळ्याच्या जागी आपणच. पुढच्या वर्षी ड्युसेलडॉर्फच्या के-21 संग्रहालयात जमिनीपासून 25 मीटरहून उंच, 2500 चौरस मीटरची पोलादी जाळी आली. एकानं पाऊल उचललं की थरथर पलीकडच्या अनोळखी माणसाच्या तळव्यांना कळते. कोळी आपलं जाळं असंच वाचतो, आणि सारासेनो कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांबरोबर वर्षानुवर्षं बसलेला आहे.

तुमच्यातला एखादा विचारेल, मग जत्रेतला पाळणा काय वाईट? प्रश्न रास्त आहे. ड्युसेलडॉर्फची जाळी तरंगत नाही, ती इमारतीला बांधलेली आहे. तिथे हवेत राहण्याचा अनुभव मिळतो, पुरावा नाही.

पुरावा जानेवारी 2020 मध्ये मिळाला. अर्जेंटिनाच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 3400 मीटरवर सालिनास ग्रांदेस हे मिठाचं पठार आहे. तिथे 'एरोसीन पाचा' हा काळा फुगा लेतिसिया मार्केस या वैमानिक बाईंना घेऊन उडाला. बर्नर नाही, हेलियम नाही, बॅटरी नाही. उन्हानं आतली हवा तापली, एवढंच. हिशेब करून पाहा: त्या उंचीवर घनमीटरभर हवेचं वजन साधारण 850 ग्रॅम. आतली हवा तीसेक अंशांनी तापली, तर घनमीटरमागे 80-85 ग्रॅमच उचल मिळते. माणूस, कापड, दोर मिळून दीडशे किलो धरले, तरी दोनएक हजार घनमीटरचा फुगा हवा. ढग आला की खेळ संपला. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघानं या मोहिमेचे 32 विक्रम मान्य केले. मला मात्र त्या ढगाची शक्यता जास्त मोलाची वाटते. ही कृती सर्वांदेखत नापास होऊ शकत होती.

फुग्यावरचा मजकूर होता, पाणी आणि जीवन लिथियमपेक्षा मोलाचं. त्या पठाराखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे. ते काढायला पाणी उन्हात आटवतात, आणि तिथले आदिवासी समाज त्याविरुद्ध उभे आहेत. या मोहिमेचं पाठबळ बीटीएस या कोरियन गायकवृंदाच्या जागतिक कलाप्रकल्पातून आलं होतं, आणि त्यांचे चाहते त्या उड्डाणाचा व्हिडिओ लिथियमच्याच बॅटरीवर पाहत असणार. ही विसंगती मला खुपते. पण तिच्यामुळे फुगा खाली येत नाही.

तेव्हा या प्रदर्शनाच्या संयोजकांना एक सूचना. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात प्रत्येक कृतीशेजारी ती काय करून दाखवणार आहे, हे दोन ओळींत लिहा. आणि निवड समितीवर भौतिकशास्त्राचा एक शिक्षक घ्या, शक्यतो खडूस.