संगणकातलं घरचं बियाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वऱ्हाडातल्या माणसाला बियाण्याची पारख शिकवावी लागत नाही. मृग जवळ आला की तो कृषी केंद्रात जातो, पिशवी उलटीसुलटी करून बघतो, लॉट नंबर वाचतो, पक्कं बिल मागतो आणि पेरणी झाल्यावरही लेबल जपून ठेवतो. बोगस बियाणं एकदा जमिनीत गेलं की वर्ष गेलं, हे त्याला ठाऊक असतं. हाच माणूस पोरांसाठी संगणक घेतो तेव्हा मात्र त्याच्या पोटात काय भरलंय, हे विचारत नाही. दुकानदार म्हणतो, "भाऊ, सारंच टाकून देतो, त्याचे काय पैसे लागते!" आणि आपण खूश होऊन घरी येतो.

आजचं बोलणं या 'सारंच टाकून देतो'बद्दल आहे.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. संगणकाचा अभियंता नाही. पण बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावातही आज घरातला संगणक म्हणजे जुन्या काळची लोखंडी पेटी झाला आहे. सातबारा त्यात, पोरीची गुणपत्रिका त्यात, लग्नाचे फोटो त्यात, बँकेचा व्यवहार त्यातून. माझ्यासारख्याच्या तर वर्षानुवर्षांच्या कविताही त्यात. या पेटीला कुलूप कोणतं आणि किल्ली कोणाकडे, एवढं विचारायला अभियंता असावं लागत नाही.

आधी चोरीच्या मालाचं बघू. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप हा विकत घ्यायचा माल आहे. पैसे न देता तो चालवायचा तर त्यातला परवाना तपासणारा भाग मोडावा लागतो. या मोडतोडीला 'क्रॅक' म्हणतात. आता गंमत बघा. क्रॅक चालवण्याच्या सूचनांत बहुतेक वेळा पहिली सूचना असते, अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे येणारा पाहुणा दारातूनच सांगतो की आधी कुत्रं बांधा, आणि आपण बांधतो. मग तो आत काय करतो ते आपल्याला दिसत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो उचलू शकतो, आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपू शकतो, आपल्या यंत्रावरून जगभर खोटे ईमेल धाडू शकतो. यंत्र जरा संथ झालं, एवढंच आपल्याला कळतं. शिवाय चोरी उघडी पडू नये म्हणून अशा विंडोजमधले अपडेट बरेचदा बंद करून ठेवलेले असतात. त्यामुळे कंपनीने बुजवलेली भोकं आपल्या घरात उघडीच राहतात.

चोरीची नक्कल आणि विषाणू यांची सोयरीक फार जुनी आहे. पीसीवरचा पहिला गाजलेला विषाणू १९८६ साली लाहोरमध्ये जन्मला. त्याचं नाव 'ब्रेन'. बासित आणि अमजद फारूख अल्वी या भावांनी वैद्यकीय कामासाठी एक प्रोग्राम बनवला होता. लोक त्याच्या चोरून नकला करत, त्यांना पकडावं म्हणून हा विषाणू लिहिला, असं त्यांचं म्हणणं. विषाणूत त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. फ्लॉपीवर बसून तो देशोदेशी फिरला.

कवीला जास्त लागणारी गोष्ट मे २००० मधली. 'आय लव्ह यू' असा विषय असलेला ईमेल जगभर फिरू लागला. सोबत प्रेमपत्र होतं. फाइलच्या नावात 'टीएक्सटी' दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढे 'व्हीबीएस' असं आणखी एक शेपूट होतं, ते विंडोज आपल्या सवयीप्रमाणे लपवून ठेवायचं. उघडलं की फोटोंच्या फाइली पुसल्या जात आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र जाई. मनिलातल्या एका तरुणाने सोडलेलं हे पत्र काही दिवसांत लाखो संगणकांत शिरलं. आज तीच युक्ती लग्नपत्रिकेच्या रूपाने व्हॉट्सअॅपवर येते. पत्रिका म्हणजे चित्र असतं किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर तो फोनमध्ये बसवायचा प्रोग्राम आहे. लग्न सख्ख्या भाच्याचं असलं तरी ती फाइल उघडू नका, फोन करून तारीख विचारा.

तिसरी गोष्ट २०१७ ची. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांना कुलपं ठोकली आणि प्रत्येक यंत्रामागे तीनशे डॉलरची खंडणी मागितली. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट कंपनीने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, त्यांची घरं लुटली गेली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'पेट्या' या नावाने तसाच दुसरा हल्ला झाला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. खरी डागडुजी दोन महिने आधीच दारात येऊन उभी होती, एवढं यातून लक्षात ठेवावं.

आता हाच प्रश्न आपल्या घरात आला आहे. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली, पण ती मुदतच. विंडोज ११ साठी यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं त्यात बसत नाहीत. गावातल्या घरात असा धडधाकट पण जुना संगणक असतो. मग तीन वाटा दिसतात. नवा संगणक घ्या, भोकं उघडी ठेवून जुनाच चालवा, किंवा कोणाकडून तरी क्रॅक टाकून घ्या. चौथी वाट फारसं कोणी सांगत नाही. ती मुक्त सॉफ्टवेअरची.

अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला. दोन्ही मिळून एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. स्टॉलमन यांनी चार हक्क सांगितले. प्रोग्राम कशासाठीही वापरावा, तो कसा चालतो ते उघडून पाहावं आणि बदलावं, नक्कल शेजाऱ्याला द्यावी, आणि सुधारलेली नक्कलही द्यावी.

शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. संकरित कपाशीची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तेच पीक येत नाही. दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. सोयाबीनचं तसं नाही. या वर्षीचं चांगलं बी राखावं, पुढच्या वर्षी पेरावं, शेजाऱ्याला द्यावं. कृषी विभाग तर घरचं बियाणं वापरा, फक्त उगवण तपासून घ्या, असं सांगतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यानेही शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे संगणकातलं सोयाबीनचं घरचं बियाणं. आणि उगवण तपासणं म्हणजे ते मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घेणं, भलत्या दुकानातून नव्हे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन अर्थ कोंबलेले आहेत. म्हणून तिकडे फरक समजावत फिरावं लागतं. माझ्या घरात उर्दूतला 'मुफ्त' आणि मराठीतला 'मुक्त' शेजारी शेजारी राहतात. फरक एका अक्षराचा. मुफ्त मिळालेल्या वस्तूचा मालक दुसराच कोणी असू शकतो. मुक्त वस्तूवर आपलाही हक्क असतो.

घरच्या कामाला काय वापराल? संपूर्ण प्रणाली बदलायची असेल तर 'लिनक्स मिंट' नवख्याला सोपं. पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न बदलता आधी चालवून बघता येतं. विंडोज सोडायचं नसेल तरी हरकत नाही. पत्रं आणि हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस', ज्यात मराठी मेनूही मिळतात. इंटरनेटसाठी 'फायरफॉक्स', गाणी-सिनेमांसाठी 'व्हीएलसी', फोटोंसाठी 'गिंप', पासवर्ड जपायला 'कीपासएक्ससी'. हे सगळं विंडोजवरही चालतं. टॅलीवर दुकानाचा हिशेब असेल किंवा नोकरीत विंडोजच लागत असेल, तर ते रीतसर विकत घ्यावं. आता विंडोजमध्येच अँटीव्हायरस येतो. तो चालू ठेवावा. चोरीचा अँटीव्हायरस म्हणजे चोरालाच पगारी चौकीदार नेमणं.

भाषेचंही एक कुलूप असतं. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली कविता तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडा, ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. अक्षर साठवण्याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, आणि किल्ली तिच्याकडे. युनिकोडने सर्वांसाठी एकच रीत ठरवली, त्यात १९९१ पासून देवनागरी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फाँटही तसाच खुला आहे.

उर्दूची गोष्ट आणखी बोलकी आहे. नस्तालिक लिपीसाठी 'इनपेज' हे भारतीय कंपनीचं सॉफ्टवेअर छापखान्यांतून घरोघरी गेलं, त्यातल्या कितीतरी प्रती चोरीच्या. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की इनपेजमधल्या एका भोकाचा फायदा घेऊन आशिया-आफ्रिकेतल्या बँकांवर हल्ले झाले. ईमेलला उर्दू मजकुराची फाइल जोडलेली असे, उघडली की विषाणू आत. ज्याची प्रत चोरीची, त्याने कंपनीकडे दुरुस्ती कोणत्या तोंडाने मागावी? आज 'नोटो नस्तालिक उर्दू' हा खुला फाँट आहे. एकाच लिब्रेऑफिसच्या पानावर माझी मराठी आणि आईची उर्दू सुखाने नांदतात.

मुक्त म्हणजे अभेद्य, असं मात्र कोणी समजू नये. 'एक्सझेड' नावाची, फाइली आवळून लहान करणारी एक मुक्त आज्ञावली लिनक्समध्ये सर्रास वापरतात. एका अज्ञात व्यक्तीने दोनेक वर्षं कामाला हातभार लावून विश्वास मिळवला आणि तिच्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की एरवी झटकन होणाऱ्या कामाला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्ध्या सेकंदाचा माग काढत त्याने चोरदरवाजा शोधला. कोठार उघडं होतं, म्हणून त्याला आत शिरून पाहता आलं. बंद कोठारात हे बाहेरच्या माणसाला जमलं नसतं. घरचं बियाणंसुद्धा कीड लागली का म्हणून अधूनमधून चाळावं लागतं, तसंच हे.

शिकायचं कुठे? मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा केला. लिनक्स, लिब्रेऑफिस यांचे दहाएक मिनिटांचे बोलके पाठ त्यात आहेत, बरेचसे मराठीतही. पाठ मोफत आहेत आणि उतरवून घेता येतात, म्हणून नेट रखडत चालणाऱ्या गावातही उपयोगी. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ने २०१७ पासून विषाणू काढणारी साधनंही मोफत दिली आहेत.

शेवटी चार सवयी सांगतो. अपडेटला 'नंतर' म्हणू नका. प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड ठेवा; एखादं आवडतं वाक्य लांबवून केलेला चालेल, पण पोराचं नाव आणि जन्मसाल नको. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो. आणि 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' असा फोन आला की तो ठेवून द्या. असा फोन कोणतीही खरी कंपनी आपणहून करत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजू नका, वाट पाहू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच थोपवली जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या वेळी दुकानदार 'सारंच टाकून देतो' म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. यातलं विकतचं काय, त्याचं बिल द्या. आणि मुक्त काय, ते कुठून उतरवलं ते दाखवा. बियाण्याच्या दुकानात आपण एवढं विचारतोच.