नियम होता, तपासणी नव्हती

आपल्याकडे जसं क्रिकेट, तसं अमेरिकेत बेसबॉल. लाकडी बॅटनं चेंडू मैदानाबाहेर टोलवला की त्याला होमरन म्हणतात, म्हणजे आपला षटकारच समजा. तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचं नाव मेजर लीग. या खेळात औषधांनी काय घोळ घातला आणि तो कसा आवरला, ते आज सांगते.

१९९४ साली खेळाडूंनी संप केला. अंतिम सामनेसुद्धा रद्द झाले, लोक नाराज झाले. मग १९९८ साली मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांत होमरनची चुरस लागली. आधीचा विक्रम होता ६१चा. सोसानं ६६ मारले, मॅग्वायरनं ७०! मैदानं पुन्हा भरली, पैसा आला. त्याच वर्षी मॅग्वायरच्या कपाटात ताकद वाढवणाऱ्या औषधाची बाटली एका पत्रकाराला दिसली. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. बातमी आली आणि विरून गेली. आपण स्टेरॉईड घेत होतो, हे मॅग्वायरनं कबूल केलं ते थेट २०१० साली.

हे स्टेरॉईड म्हणजे पुरुषी हार्मोनची कृत्रिम नक्कल. त्यानं स्नायू भराभर वाढतात. पण यकृत आणि हृदय धोक्यात येतं, कोवळ्या वयात उंची खुंटू शकते, मुलींचा आवाज घोगरा होतो. आणि सोडल्यावर मन फार खचू शकतं. एक लक्षात ठेवा, दम्यासाठी डॉक्टर देतात ते स्टेरॉईड वेगळं. ते मनानं बंद करायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, नियम नव्हता का? होता. १९९१ सालीच बेसबॉलच्या प्रमुखांनी पत्रक काढून स्टेरॉईडला मनाई केली होती. पण तपासणीच नव्हती! खेळाडूंच्या संघटनेचा तपासणीला विरोध होता. मालकांना होमरनमुळे तिकिटांचे पैसे मिळत होते. मग बोलणार कोण? शेवटी २००३ साली नावं गुप्त ठेवून लघवीची तपासणी झाली. शंभरात पाचाहून जास्त नमुने दोषी निघाले, म्हणून २००४पासून कायमची तपासणी सुरू झाली. तरी पहिल्यांदा सापडणाऱ्याला उपचाराला पाठवत, खेळ बंद होत नव्हता.

१७ मार्च २००५ रोजी अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. कॅलिफोर्नियाचं एक जोडपं तिथं आलं होतं. त्यांचा मुलगा कॉलेजात बेसबॉल खेळायचा. मोठे खेळाडू घेतात म्हणून त्यानंही स्टेरॉईड घेतलं. चोविसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. स्टेरॉईडनंच आमचा मुलगा नेला, असं त्या आईबापांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आई स्वतः मानसशास्त्रज्ञ होती. ‘घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला’, असं म्हणून ती गप्प बसली नाही. त्याच दिवशी मॅग्वायरलाही प्रश्न विचारले गेले. त्यानं जुन्या गोष्टींवर बोलायचं टाळलं.

त्याच वर्षी शिक्षा कडक झाली. आज पहिल्यांदा सापडलं तर ८० सामने बंदी, दुसऱ्यांदा १६२ म्हणजे अख्खा हंगाम, तिसऱ्यांदा कायमची. बंदीच्या काळात पगारही नाही. २०२२ साली फर्नांडो टाटिस हा मोठा खेळाडू सापडला. नायट्यासाठी घेतलेल्या औषधातून ते आलं, असं त्यानं सांगितलं. तरी ८० सामने बाहेर बसावं लागलं. अंगावरची सूज उतरवायला देतात ती लघवीची गोळीसुद्धा यादीत आहे, कारण दुसरं औषध लपवायला ती वापरता येते. खरा आजार असेल तर खेळाडूला आधी परवानगी मागता येते.

मैत्रिणींनो, हीच औषधं भारतातही खेळाडूंना बंद आहेत. आपल्याकडे ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था तपासणी करते. तुमचा मुलगा कुस्ती खेळत असेल, मुलगी कबड्डी खेळत असेल, तर घरात आलेल्या ताकदीच्या पावडरीचा डबा हातात घ्या. कुणी दिला, आत काय आहे, विचारा. नाव नसलेली गोळी किंवा इंजेक्शन नकोच. दवाखान्यात गेलात तर ‘पोरगं स्पर्धेत खेळतं’ हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि मूल असं काही घेत होतं हे कळलं, तर आरडाओरडा करू नका. ते गप्प गप्प राहत असेल, झोपत नसेल, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. प्रशिक्षकालाही विचारा. राग आला तर येऊ दे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार!