एक ठिपका साडेपाच गुंठ्यांचा
(वनहक्क समित्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून तुम्ही बसून आहात, म्हणून कायद्याची कलमं परत वाचत नाही. आम्ही पोरापोरींनी ठरवलं, आज सॅटेलाइटच्या फोटोवर बोलायचं. आपल्या पट्ट्यात जे दावे फेटाळले त्यातल्या कितीतरी कागदांवर कारण एकच, फोटोत शेती दिसत नाही. हे ऐकून म्हातारी माणसं गप्प होतात. आकाशातून काढलेला फोटो खोटा कसा असेल? फोटो खोटा नाय. पण तो काय बघतो नि काय बघत नाय, ते आपल्याला कळलं पाहिजे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलाचा अहवाल काढते. त्यासाठी लिस-३ नावाच्या कॅमेऱ्याचे फोटो वापरत आलेत. त्याचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब, तेवढाच रुंद. गुणाकार करा. साडेपाचशे चौरस मीटर, म्हंजे साडेपाच गुंठे. त्यात झोपडी असो, बांध असो, खळं असो, मोहाचं झाड असो, सगळ्याचा मिळून एकच रंग. २० गुंठ्यांचा प्लॉट म्हंजे ४ ठिपकेपण नाय, आणि कडेचे ठिपके अर्धे जंगलात गेलेले.

बरं, त्यांच्या हिशेबात जंगल कशाला म्हणतात? १ हेक्टर किंवा जास्त जागा, तिच्यावर झाडांची सावली १० टक्क्यांच्या वर. जमीन कोणाची, झाड कुठलं, हे बघत नाहीत. निलगिरीची लागवड त्यात येते, आंब्याची बागपण येते. आपण शेतात मोह, ऐन, साग राखतो. १० टक्के सावली सहज होते. म्हंजे ज्याने झाडं राखली त्याचंच शेत जंगल ठरलं!

आता महिन्याचं बघा. पान डोळ्याला न दिसणारा एक उजेड परत फेकतं, तो कॅमेरा टिपतो आणि कागदावर लाल दाखवतो. पावसाळ्यात ढग, म्हणून फोटो बहुतेक पावसानंतरचे. तेव्हा सागाचं रान लाल, गवत लाल, उभं पीकपण लाल. उन्हाळ्यात साग पान टाकतो, मग खरं जंगलही उघडं दिसतं. नागली, वरई काढून एक-दोन वर्षं पड टाकलेल्या जमिनीवर झुडपं येतात, ती वरून रानासारखी दिसते. एका तारखेच्या एका फोटोवर माणसाची जमीन ठरवायची, हा कसला न्याय?

कायदापण तसं सांगत नाय. २०१२ च्या दुरुस्तीने नियम १२अ मध्ये साफ लिहिलंय की उपग्रहाची चित्रं इतर पुराव्याला जोड म्हणून घ्यावीत, त्यांच्या जागी नाय. नियम १३ मध्ये दंडाच्या पावत्या आहेत, घर-बांध-विहिरीच्या खुणा आहेत, म्हाताऱ्यांचे जबाब आहेत. तरी १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दाव्यांच्या लोकांना बाहेर काढायला सांगितलं, त्याच आदेशात उपग्रह पाहणीचंही सांगितलं. २८ फेब्रुवारीला स्थगिती आली, म्हणून आज आपण इथे बसलोय. स्थगिती म्हंजे निकाल नव्हे.

वनखातं वाघ कसे मोजतं ते बघा. दर चार वर्षांनी बीटबीट पायी फिरतात, पाऊलखुणा, विष्ठा लिहितात, झाडांना कॅमेरे बांधतात. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. उपग्रहाचा नकाशा त्याला मागून जोडतात. वाघासाठी पायी चालायचं, मग आदिवासीसाठी का नाय?

म्हणून आम्ही म्हणतो, फोटोला घाबरू नका, फोटो मागा. कुठल्या उपग्रहाचा, कुठल्या तारखेचा, ठिपका केवढा, हे लेखी विचारा. अमेरिकेच्या लँडसॅटचे जुने फोटो २००८ पासून फुकट मिळतात. ठिपका ३० मीटरचा, मोठाच आहे, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधीची आणि नंतरची वर्षं, उन्हाळा-हिवाळा दोन्ही, शेजारी ठेवून बघता येतात. पाच-सात एकराच्या सलग जमिनीत फरक कळतो. लहान प्लॉटला कळेलच असं नाय, तिथे पावती आणि जबाबच.

दुसरं काम जंगलाचं. कलम ५ ने जंगल आणि जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. बिबट्या, भेकर उपग्रहाला दिसत नाहीत, ते गुराख्याला दिसतात. कुठल्या पाणवठ्यावर कधी दिसलं, कुठे वणवा लागला, हे वहीत तारीख घालून लिहा. वणव्याचा इशारा उपग्रहावरून येतो, पण त्याचा बारीकातला ठिपकाही ३७५ मीटरचा. त्यात राब भाजला का जंगल पेटलं, ते वहीच सांगेल. उद्या कोणी अभयारण्याच्या नावाने उठवायला आलं, तर कायद्याने आधी शास्त्रीय पुरावा लागतो आणि ग्रामसभेची संमती. तेव्हा ही वही टेबलावर ठेवायची.

पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर जीपीएसने हद्दी चालायला सुरुवात करतोय. झाडाखाली यंत्र पाच-दहा मीटर चुकतं, तेव्हा कोपऱ्यावर थांबून दोनदा नोंद घ्या आणि दगड, झाड, नाल्याचं नाव बाजूला लिहा. प्रत्येक पाड्यातून दोन म्हातारे, दोन बाया आणि एक लिहिणारा पाहिजे. दंडाच्या पावत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा, मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.