सर विल्यम वेडरबर्न : बँफशायरचे सभासद

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बँफशायर नांवाचा एक परगणा आहे. किनाऱ्यावर मासे धरणारे आणि आंत शेती करणारे कष्टाळू लोक तेथें राहतात. या परगण्यानें १८९३ सालीं पार्लमेंटांत जो सभासद पाठविला, तो पुढें सात वर्षें कॉमन्स सभेंत वारंवार उभा राहून बोलत असे तें हिंदुस्थानच्या खर्चाविषयीं, येथील दुष्काळाविषयीं आणि कुणब्याच्या कर्जाविषयीं. हे सभासद म्हणजे सर विल्यम वेडरबर्न. आपल्याकडे त्यांचें नांव घेतलें जातें तें राष्ट्रीय सभेचे दोन वेळां अध्यक्ष झालेले एक गोरे गृहस्थ एवढ्यापुरतेंच. मुंबई इलाख्यांत सत्तावीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेला हा न्यायाधीश पन्नाशी उलटल्यावर पार्लमेंटांत कां गेला, आणि तेथें त्याच्या हातीं काय लागलें, हें आज श्रोत्यांपुढें मांडावें असा माझा विचार आहे.

वेडरबर्न घराण्याचा इतिहास विलक्षण आहे. राजाविरुद्धच्या बंडांत भाग घेतल्याबद्दल विल्यम यांच्या पणज्यास १७४६ सालीं लंडनजवळ फांशीं देण्यांत आलें. पणज्याचा मुलगा, म्हणजे विल्यम यांचे आजोबा, जमेकांत पळून गेले, साखरेच्या मळ्यांवर धनवान् झाले आणि परततांना जोसेफ नाइट नांवाचा एक काळा गुलाम बरोबर घेऊन आले. त्या गुलामानें पुढें धन्याविरुद्ध दाद मागितली, आणि स्कॉटलंडच्या कायद्यांत गुलामगिरीस स्थान नाहीं, असा निकाल एडिंबरोच्या वरिष्ठ कोर्टानें १७७८ सालीं दिला. गुलामाचा धनी म्हणून ज्या घराचें नांव कायद्याच्या ग्रंथांत नोंदलें गेलें, त्याच घरांतील नातू पुढें दुसऱ्या एका परतंत्र लोकसमूहाचा वकील व्हावा, हा योग इतिहासाच्या शिक्षकास सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

विल्यम यांचा जन्म एडिंबरो येथें २५ मार्च १८३८ रोजीं झाला. वडील मुंबई इलाख्यांत नोकरीस होते. थोरले बंधु जॉन हे हिस्सार येथें कलेक्टर असतां १८५७ च्या धामधुमींत पत्नी व मूल यांसह मारले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनीं, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत तिसरा क्रमांक मिळवून, धाकटा भाऊ याच देशांत येऊन दाखल झाला. त्या काळच्या कित्येक इंग्रज कुटुंबांनीं सत्तावनचा द्वेष पिढ्यान् पिढ्या जपला. विल्यम यांच्या लेखणींत किंवा वागण्यांत त्याचा मागमूस नाहीं.

पहिली नेमणूक धारवाडास असिस्टंट कलेक्टर म्हणून झाली. पुढें ते न्यायखात्यांत गेले. सिंधमध्येंही कांहीं काळ ज्युडिशियल कमिशनरच्या जागेवर होते. आमच्या शेजारच्या उल्हासनगरांत ज्यांचीं मूळ घरें कराचीस किंवा हैदराबादेस होतीं, अशा कुटुंबांना हें सांगितलें म्हणजे मोठें कौतुक वाटतें. परंतु वेडरबर्नसाहेबांच्या आयुष्याला खरें वळण लागलें तें पुण्यास.

दक्षिणेंतील कुणब्याची त्या वेळची स्थिति ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील हकीकत समजावयाची नाहीं. सरकारचा सारा रोख भरावा लागे, आणि हप्त्याची मुदत कांहीं पीक विकलें जाईपर्यंत थांबत नसे. मग सावकाराचें दार. खत लिहून घेतलें जाई, व्याज मुद्दलांत मिळविलें जाई, खत बदललें जाई. शेवटीं सावकार कोर्टांत जाई आणि कुणबी हजरच न राहिल्यामुळें एकतर्फी हुकूमनामा होई. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंग्याला तोंड फुटलें तें यामुळेंच. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना खतें हवीं होतीं, आणि हातीं पडलेलीं खतें त्यांनीं जाळलीं. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आला. १८७९ सालीं सरकारनें कायदा करून न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून वेडरबर्न यांस दिसलें तें असें कीं, कायद्यानें सावकाराचा हात धरला खरा, परंतु उद्यां बैल मेला तर नवा बैल घेण्यास कुणब्याला पैसा कोण देणार? यावर त्यांनीं शेतकी पेढ्यांची योजना सुचविली. न्यायमूर्ति रानडे यांच्याशीं त्यांचा या बाबतींत निकट विचारविनिमय असे. पुरंदर तालुका प्रयोगासाठीं निवडला. प्रथम जुन्या कर्जाची चौकशी करून तें वाजवी रकमेवर आणावयाचें. सरकारनें आगाऊ पैसा देऊन तें फेडावयाचें. आणि मग पेढीनें माफक व्याजानें कुणब्यास कर्ज देत जावें. पुण्याच्या पेढीवाल्यांचीही या कामीं अनुकूलता होती. मुंबई सरकारनें योजना उचलून धरली. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें ती मान्य करून १८८४ सालीं विलायतेस मंजुरीसाठीं धाडली, आणि तेथें स्टेट सेक्रेटरींच्या कचेरींत ती नामंजूर झाली.

या नकारांतच पुढील साऱ्या कारकीर्दीची किल्ली आहे, असें माझें मत आहे. ज्या माणसांना पुरंदर कोठें आहे हेंही ठाऊक नाहीं, त्यांनीं लंडनमध्यें बसून पुरंदरच्या कुणब्याचा निकाल लावला. तेव्हां दाद मागावयाची तर लंडनमध्येंच, असें वेडरबर्न यांच्या मनानें घेतलें असल्यास नवल नाहीं.

दरम्यान पुण्यांत मुलींचें हायस्कूल १८८४ सालीं निघालें, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. हुजूरपागेच्या शाळेंत शिकलेल्या अनेक घरांना हें ठाऊक असेल. पुढें हायकोर्टांत हंगामी न्यायमूर्ति, नंतर सरकारचे चीफ सेक्रेटरी, अशा जागा त्यांनीं सांभाळल्या. त्या दिवसांतही मुंबई-पुण्याची ये-जा कल्याण, बदलापूर, कर्जत याच लोहमार्गानें होई. आमचें स्टेशन तेव्हां अगदींच लहान असावें. मेलगाडी येथें थांबण्याचें कारणच नव्हतें. १८८७ सालीं ते निवृत्त झाले. इतर साहेबलोक पेन्शन घेऊन शिकार आणि बागकाम करीत. यांनीं पेन्शनचा मोठा भाग याच देशाच्या कामीं घातला.

१८८९ सालीं राष्ट्रीय सभेची ब्रिटिश कमिटी लंडनमध्यें स्थापन झाली, आणि मरेपर्यंत तिचें अध्यक्षपद त्यांजकडेच राहिलें. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. त्या सभेस प्रतिनिधीही नेमके १८८९ आले होते, ही गंमत त्या वेळीं पुष्कळांच्या तोंडीं होती. चार्ल्स ब्रॅडलॉ यांना पाहण्यासाठीं लोक लोटले होते. कारण हिंदुस्थानचा कैवार घेणारा पार्लमेंटांतील सभासद म्हणजे ब्रॅडलॉ. ते १८९१ सालीं वारले आणि ती जागा रिकामी पडली. वेडरबर्न १८९२ च्या निवडणुकींत उत्तर एअरशायरमधून पडले. त्याच निवडणुकींत दादाभाई नवरोजी लंडनच्या मध्य फिन्सबरींतून निवडून आले. पुढच्या वर्षीं बँफशायरची पोटनिवडणूक जिंकून वेडरबर्न त्यांना जाऊन मिळाले.

आरंभ झोंकांत झाला. हिंदुस्थानासंबंधीं आस्था असणाऱ्या सभासदांची एक कमिटी त्यांच्या अध्यक्षतेखालीं उभी राहिली. २ जून १८९३ रोजीं हर्बर्ट पॉल यांनीं ठराव आणला कीं, सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा इंग्लंडप्रमाणेंच हिंदुस्थानांतही एकाच वेळीं घ्यावी. तो ८४ विरुद्ध ७६ मतांनीं मंजूर झाला! आपल्याकडे केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करा. परंतु प्रधानमंडळानें ठरावाची अंमलबजावणी केली नाहीं. सार्वभौम म्हणविणाऱ्या पार्लमेंटचा ठराव कचेरींत गुंडाळून ठेवतां येतो, हा धडा वेडरबर्न यांस पहिल्याच वर्षीं मिळाला.

हिंदुस्थानचें अंदाजपत्रक सभेपुढें येई तें अधिवेशनाच्या अगदीं शेवटीं, बाकें ओस पडल्यावर. यामागें एक व्यवस्थाच होती. वसाहतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरींतून निघे, म्हणून त्यावर पार्लमेंटांत दरसाल मत घेतलें जाई आणि त्या निमित्तानें त्याच्या कारभाराची झडती होई. हिंदुस्थानच्या स्टेट सेक्रेटरीचा पगार मात्र आपल्या शेतसाऱ्यांतून! त्यामुळें त्याला जाब विचारण्याचें तें साधनच पार्लमेंटच्या हातीं नव्हतें. हा पगार ब्रिटिश तिजोरीवर घालावा, ही मागणी राष्ट्रीय सभेनें लावून धरली होती.

१८९५ सालीं बँफशायरनें त्यांनाच पुन्हां निवडून दिलें, हें त्या मतदारांना भूषणावह आहे. त्याच वर्षीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास वेल्बी कमिशन नेमलें गेलें. त्यावर दादाभाई, केन आणि वेडरबर्न हे तिघे आले. १८९७ सालीं साक्ष देण्यास गोपाळराव गोखले गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें तीस होतें. साक्ष उत्तम झाली. पण पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तासंबंधीं त्यांनीं विलायतेंत केलेलीं विधानें पुराव्यानें सिद्ध करतां न आल्यामुळें त्यांस परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. अशा वेळीं पुष्कळ मित्र दूर सरतात. वेडरबर्न सरले नाहींत, आणि तो स्नेह गोखल्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. कमिशनच्या बहुमताशीं न जुळल्यामुळें तिघांनीं १९०० सालीं आपलें भिन्न मत स्वतंत्र नोंदविलें.

दुष्काळासंबंधीं त्यांची मागणी साधी होती: कांहीं निवडक गांवें घ्या, घरोघर जाऊन कुणब्याची मिळकत आणि देणें मोजा, म्हणजे तो खरोखर सुखी आहे कीं नाहीं तें कळेल. सरकारनें ती मान्य केली नाहीं. मोजणी करण्यास सरकार कां भितें, हा प्रश्न कोणत्याही काळीं विचारण्यासारखा आहे. बोअर युद्धासही त्यांचा विरोध होता, आणि १९०० सालीं त्यांनीं पार्लमेंटचा निरोप घेतला.

हिशेब मांडला तर जमेच्या बाजूस फारसें कांहीं दिसत नाहीं. इंग्रज जनतेला खरी स्थिति कळली कीं ती न्याय करील, हा त्यांचा विश्वास माझ्या मतें अवास्तव होता. आमच्या जहाल पक्षानें विलायतेंतील चळवळीवर केलेली टीका मला पुष्कळ अंशीं पटते. तथापि हा विश्वास बाळगून ते स्वस्थ बसले नाहींत. कमिटीच्या "इंडिया" पत्राचा तोटा सोसला. १९०४ सालीं मुंबईस आणि १९१० सालीं, बहात्तराव्या वर्षीं, अलाहाबादेस अध्यक्ष म्हणून, एवढा समुद्रप्रवास करून ते आले. सुरतेस फुटलेले पक्ष जुळावे, हिंदू-मुसलमानांनीं एकत्र बसावें, ही त्या शेवटच्या फेरींतील खटपट होती.

२५ जानेवारी १९१८ रोजीं ते वारले. गोखले आणि दादाभाई त्यांच्या आधींच गेले होते. स्टेट सेक्रेटरीचा पगार ब्रिटिश तिजोरीवर गेला तो १९१९ च्या कायद्यानें. १९२० सालीं नागपूरच्या राष्ट्रीय सभेनें लंडनची कमिटी व तिचें पत्र बंद करण्याचें ठरविलें. आणि १८९३ च्या त्या रात्रीं आठ मतांनीं मंजूर झालेली परीक्षा हिंदुस्थानांत पहिल्यानें घेतली गेली १९२२ सालीं, अलाहाबादेस.