नवख्याचे मत



२०१६ साली ‘स्टीमिट’ नावाचे समाजमाध्यम निघाले. हिशेबाची वही एका मालकाच्या पेटीत नाही, तिच्या नकला अनेक संगणकांवर. यालाच ब्लॉकचेन म्हणतात. आपण लिहावे, वाचकांनी मत द्यावे, त्यातून नाणी मिळावीत, असा हा व्यवहार.

आपल्या बीडचा एखादा पोरगा तेथे गेला, तर प्रथम त्याच्या हाती लांबलचक परवलीचा शब्द पडतो. तो हरवला की खाते गेले. दाद कोणाकडे मागणार? ऊसतोडीच्या टोळीत नवख्याला भांडायला निदान मुकादम तरी असतो! पुढे तो महिनाभर मन लावून लिहितो. पदरात काही पडत नाही. कारण मताचे वजन गुंतवलेल्या नाण्यांवर. सहकारी साखर कारखान्यात १९६० च्या कायद्याने भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. (ऊस तोडणारा बहुधा सभासदच नसतो, हे दुःख निराळे.)

२०२० साली जस्टिन सन या धनिकाने स्टीमिट कंपनी विकत घेतली. मार्चमध्ये काही नाणेबाजारांनी ग्राहकांच्या ठेवीतली नाणी मतदानाला लावली आणि वही राखणारे निवडून दिलेले लोक बाजूला सारले. चिडलेल्या सभासदांनी त्याच महिन्यात ‘हाइव्ह’ ही वेगळी चूल मांडली. सनचा वाटा तेथे गाळला. मताचे वजन मात्र नाण्यांवरच ठेवले.